ब्रेन ट्यूमरची केमो बायकांना जास्त त्रास देते का? (टेमोझोलोमाइड, काउंट, पाळी वगैरे)

रानजाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) आहे, वय ४६. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाइट (रेडिएशन) आणि सोबत रोज टेमोझोलोमाइडची गोळी, म्हणजे तोंडाने घ्यायची केमो, तोपर्यंत काउंट (रक्तपेशींची संख्या) बऱ्यापैकी टिकले होते. महिनाभर सुट्टी देऊन पाच दिवसांची पहिली सायकल (केमोची एक फेरी) दिली आणि चौथ्या आठवड्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकदम १८ हजार. पायांवर लाल ठिपके, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त, आणि नेमकी त्यातच पाळी आली ती थांबेचना. प्लेटलेट चढवल्या, आता बऱ्या आहेत. पण राउंडला आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले की बायकांमध्ये हे जरा जास्त होतं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, हे माहीत होतं तर आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं? सुरुवातीला हातात दिलेल्या कागदावर उलटी, थकवा, केस, काउंट सगळं होतं, पण बाई आणि पुरुष यांत काही फरक पडतो याबद्दल एक ओळ नव्हती.

मग मी औषधाची अधिकृत माहितीपत्रिका शोधून वाचून काढली, अमेरिकेतल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) मंजूर केलेली. त्यात आकडे आहेत. पहिल्या सायकलमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली जाणं बायकांत १२ टक्के, पुरुषांत ५ टक्के. प्लेटलेट २० हजारांच्या खाली जाणं बायकांत ९ टक्के, पुरुषांत ३ टक्के. म्हणजे तिप्पट! त्या चाचण्यांत साधारण ११० बायका आणि १७० पुरुष होते. हे कुणी लपवलेलं नाही, छापलेलं आहे, फक्त आमच्यासारख्या घरापर्यंत पोचत नाही.

इथे कुणी डॉक्टर, फार्मसीवाले किंवा घरात असा पेशंट असलेले असतील तर लिहा प्लीज. हे असं का होतं, आधी काय करता येतं, आणि पुढच्या सायकलला कशावर डोळा ठेवायचा, एवढंच विचारायचंय. धीर द्यायला लिहिलंत तरी चालेल पण माहिती असेल तर आधी माहिती.

सोनकी

रानजाई, जाऊबाईंना आराम पडो. माझ्या आईलाही हेच औषध होतं, तिचे काउंट एवढे नाही पडले पण मळमळ भयंकर. शेजारच्या बेडवरचे काका तीच गोळी घेऊन अर्ध्या तासात झोपायचे आणि आई रात्रभर बेसिनपाशी. आम्हाला वाटायचं की तिला सवय नाही गोळ्यांची, मनाने घेतलंय. नंतर एका नर्सताईंनी विचारलं, गरोदरपणात खूप उलट्या झाल्या होत्या का, एसटीत गाडी लागते का? दोन्हीला हो. त्या म्हणाल्या मग हिला उलटीची गोळी जास्त जपून द्यायला हवी. तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

पाणकणीस

मी मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे, ब्रेन ट्यूमरचे पेशंट नेहमी बघते. जाऊबाईंच्या फाईलबद्दल इथून काही सांगणार नाही, पण सर्वसाधारण जे पक्कं माहीत आहे ते लिहिते.

रानजाई, तुम्ही आकडे बरोबर वाचलेत. पहिल्या सायकलला हे का दिसतं, तर रेडिएशनसोबत रोजचा डोस असतो शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, आणि सायकल सुरू झाली की तो १५० होतो, पाच दिवस, आणि सहन झालं तर दुसऱ्या सायकलपासून २००. म्हणजे बोन मॅरोची (हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज) खरी परीक्षा तिथे होते. आणि त्रास गोळ्या चालू असताना दिसत नाही, हे घरच्यांनी अगदी पक्कं लक्षात ठेवायला हवं. पाच दिवस संपतात, पेशंट बरा दिसतो, जेवायला लागतो, आणि मग साधारण चौथ्या आठवड्यात काउंट तळाला जातात. माहितीपत्रिकेत प्लेटलेटचा तळ सरासरी २६ व्या दिवशी आणि न्यूट्रोफिलचा २८ व्या दिवशी दिलाय, पण माणसागणिक खूप पुढेमागे होतो. म्हणून २२ व्या दिवशी सीबीसी (काउंट मोजायची रक्ततपासणी) करायचा आणि काउंट कमी असतील तर वर येईपर्यंत दर आठवड्याला. न्यूट्रोफिल १५०० आणि प्लेटलेट १ लाख झाल्याशिवाय पुढची सायकल नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं? बाहेरगावचा पेशंट २८ व्या दिवशी थेट पुढच्या सायकलला येतो. मधला सीबीसी गावातल्या लॅबमध्ये करा म्हणून सांगितलेलं असतं, पण घरात कामं असतात, न्यायला कुणी नसतं, बरं वाटत असतं, मग राहून जातो. आणि मी बघते की हा मधला सीबीसी पुरुष पेशंटपेक्षा बाई पेशंटचा जास्त वेळा चुकतो. जिला जास्त गरज तिचाच चुकतो. यावर मला मनापासून राग येतो म्हणून इतकं लिहितेय.

का होतं, याचं एका वाक्यात उत्तर नाही. बायकांच्या शरीरातून टेमोझोलोमाइड बाहेर पडायचा वेग पुरुषांपेक्षा जेमतेम ५ टक्के कमी असतो. एवढ्याशा फरकाने तिप्पट त्रास होणार नाही, म्हणजे औषध जास्त वेळ रेंगाळतं म्हणून असं होतं हे स्पष्टीकरण अपुरं आहे. मॅरोच मुळात वेगळा वागतो असं दिसतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधून २००९ साली एक अभ्यास आला होता, त्यात बाई आणि पुरुष यांचे धोक्याचे घटकसुद्धा वेगवेगळे निघाले. बायकांमध्ये सुरुवातीच्या प्लेटलेट २ लाख ७० हजारांच्या खाली असणं हा त्यातला एक. आपल्याकडे दीड लाखाच्या वर असलं की रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं आणि आपण निर्धास्त होतो.

हरकाम्या

एक साधी शंका. बायकांचं वजन कमी असतं, डोस तेवढाच दिला तर त्रास जास्त होणारच ना? मग बायकांना आधीपासूनच कमी डोस द्यावा, प्रश्न मिटला.

पाणकणीस

हरकाम्या, डोस सरसकट सारखा नसतो, उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरवतात, त्यामुळे ठेंगण्या बाईला आपोआप कमी मिलिग्रॅम मिळतात. पण तुमच्या शंकेत दम आहे, कारण हे क्षेत्रफळाचं गणितच तोकडं आहे. द्यू बोआ यांचं सूत्र १९१६ सालचं, नऊ माणसांच्या मापांवरून काढलेलं, आणि अजून तेच किंवा त्याचीच भावंडं वापरली जातात. त्यात उंची-वजन आहे, पण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे नाही. त्याच क्षेत्रफळाच्या बाईत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि बरीचशी औषधं या दोन्हींत सारखी पसरत नाहीत. सूत्राला हे दिसतच नाही.

पण म्हणून सगळ्या बायकांना आधीच डोस कमी करा, याच्या मी ठाम विरोधात आहे. १२ टक्के बायकांचे न्यूट्रोफिल तळाला गेले म्हणजे ८८ टक्के बायकांचे नाही गेले. त्या ८८ जणींना कमी औषध द्यायचं? तेही या आजारात? २००५ सालच्या ज्या मोठ्या चाचणीवर आजची ट्रीटमेंट उभी आहे त्यात ५७३ पेशंट होते, नुसत्या रेडिएशनवर आयुष्याचा मध्यांक (निम्मे पेशंट जेवढं जगले तो काळ) १२.१ महिने आणि गोळी जोडल्यावर १४.६, दोन वर्षं पार करणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. ऐकायला आकडे लहान वाटतात, ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारा किती मोठे आहेत ते. तेव्हा डोस पूर्ण, पण पहारा कडक. पहिल्या सायकलला बाईचा सीबीसी चुकता कामा नये, मग एकवेळ बाकी काही चुकलं तरी चालेल.

तुंगभद्रा

मी न्यू जर्सीत असते, क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करते. पाणकणीस यांना अनुमोदन, थोडी भर घालते.

हा प्रश्न फक्त ब्रेन ट्यूमरपुरता नाही. २०२२ मध्ये स्वॉग या अमेरिकेतल्या कॅन्सर ट्रायल ग्रुपने २०२ चाचण्यांचा डेटा एकत्र करून बघितला, २३,२९६ पेशंट, १९८० पासून २०१९ पर्यंतचे. गंभीर साइड इफेक्टचा धोका बायकांना ३४ टक्के जास्त निघाला, इम्युनोथेरपीत (प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधं) तर ४९ टक्के जास्त. आणि त्या अभ्यासात वयाचा, वंशाचा वगैरे हिशोब धरून हे आलंय. केमो आणि टार्गेटेड औषधांतही फरक आहेच.

आता हे इतकी वर्षं नजरेत का आलं नाही? १९७७ मध्ये एफडीएने सांगितलं होतं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. थॅलिडोमाइड या गोळीने बाळांत व्यंग आलं होतं, त्याची भीती ताजी होती, हेतू वाईट नव्हता. पण डोस ठरतो तोच मुळी सुरुवातीच्या चाचण्यांत! ती अट उठली १९९३ मध्ये. त्या मधल्या सोळा वर्षांत जी औषधं आली त्यांचे डोस बहुतांशी पुरुषांच्या शरीरावर ठरले. झोपेची गोळी झोल्पिडेम घ्या, कित्येक वर्षं बायकांना पुरुषांइतकीच दिली जायची, २०१३ मध्ये एफडीएने बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण सकाळी गाडी चालवताना त्यांच्या रक्तात औषध शिल्लक असायचं. कॅन्सरच्या औषधांत एवढं सरळ उत्तर नाही, पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

ग्लायोब्लास्टोमात अजून एक अडचण. हा आजारच पुरुषांत जास्त, बायकांच्या साधारण दीडपट. त्यामुळे कुठलीही चाचणी काढा, साठ टक्क्यांच्या वर पुरुष असतात, वर उल्लेख आलेल्या २००५ च्या चाचणीतही होते. सगळ्यांची मिळून सरासरी छापली की बायकांचा त्रास त्या सरासरीत विरघळून जातो. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाचा ट्यूमर) उलट बायकांत दुपटीहून जास्त, पण त्यात केमो क्वचितच लागते.

अण्णा_वाईकर

एवढी चर्चा चाललीये म्हणून सांगतो, आमच्याकडे डेंगीत प्लेटलेट कमी झाल्या की पपईच्या पानांचा रस देतात, दोन दिवसांत फरक पडतो. किवी आणि बीटसुद्धा. केमोबरोबर द्यायला काय हरकत आहे, नैसर्गिकच आहे.

पाणकणीस

अण्णा, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं, पण इथे कुणी वाचून करू नये म्हणून स्पष्ट लिहिते. डेंगीत प्लेटलेट पडतात आणि आजार ओसरला की स्वतःहून वर येतात, रस प्या किंवा नका पिऊ. केमोत कारखानाच तात्पुरता बंद पडलेला असतो, तिथे रसाने काही होत नाही. आणि ज्याचे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आहेत त्याला कच्च्या पानांचा घरी वाटलेला रस देणं म्हणजे पोटात जंतू सोडणं. अशा वेळी शिजवलेलं ताजं अन्न, उकळलेलं पाणी, साल काढता येईल असं फळ. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

बीट-किवी धुऊन, सोलून, आवडीने खात असतील तर खाऊ देत. त्याने प्लेटलेट वाढतील या आशेवर सीबीसी पुढे ढकलू नका, एवढंच.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकणीस, एक विचारू का? पाळीचं मी वर लिहिलं पण त्यावर कुणी बोललं नाही. हॉस्पिटलमध्येही कुणी विचारलं नव्हतं. जाऊबाई स्वतःही सांगत नव्हत्या, दीर आणि पुतण्या समोर असायचे ना. मी कपडे बदलायला मदत करत होते म्हणून मला कळलं की अंगावरून इतकं जातंय. हिमोग्लोबिन आधीच ९ होतं.

पाणकणीस

बरं झालं परत विचारलंत, हा खरं तर पहिल्यांदा यायला हवा होता.

प्लेटलेट २०-३० हजारांवर असताना पाळी आली तर रक्तस्राव खूप होऊ शकतो, आणि हा असा साइड इफेक्ट आहे जो पुरुषांच्या यादीत असूच शकत नाही, म्हणून पुरुष धरून बनवलेल्या यादीत तो नसतो. केमो सुरू होण्याआधी विचारायला हवं, पाळी चालू आहे का, किती जातं, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) वगैरे आहे का. गरज पडली तर गायनॅकचा सल्ला घेऊन पाळी काही महिने थांबवता येते. पण एक धोक्याची सूचना. लग्नकार्याला, सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे केमिस्टकडून परस्पर आणतात, तशा इथे आणायच्या नाहीत. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटला पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका मुळातच बराच असतो, आणि काही हार्मोनच्या गोळ्यांनी तो वाढतो. रक्त थांबवायची जी गोळी सर्रास देतात तिचाही विचार याच कारणाने करावा लागतो. कुठली द्यायची हे ऑन्को आणि गायनॅक यांनी मिळून ठरवायचं.

हिमोग्लोबिनचं म्हणाल तर आपल्या देशातला २०१९-२१ चा कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका केमोच्या दारात येतानाच अशक्त असतात. टेमोझोलोमाइडने हिमोग्लोबिन प्लेटलेटइतकं पडत नाही, पण आधीच ९ असलेल्या बाईला पाळीत रक्त गेलं तर थकवा केमोचा की रक्ताचा हे कुणालाच कळत नाही, आणि सगळं केमोच्या खात्यावर जातं. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या मधल्या काळात लोहाची तपासणी करून उपचार सुरू करता येतात, त्याला खर्च फार नाही.

सोनकी

हे वाचून घशाशी आलं. आईची पाळी गेलेली होती म्हणून तो प्रश्न आला नाही, पण न सांगण्याचं अगदी तेच. रोज डॉक्टर विचारायचे, कसं वाटतंय काकू? ती म्हणायची, बरंय. बाबा आत असले की नक्कीच बरंय. मी एकटी असताना सांगायची की फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं, आणि तरी घरी आल्यावर ओट्याशी उभी. आम्ही भावंडांनी मग रोजची वही केली, उलट्या किती, जेवण किती, शौचाला झाली का, आणि ती वही डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायला लागलो. पुढच्याच भेटीला औषध बदललं. तोंडी सांगून जे महिनाभर झालं नव्हतं ते वहीने झालं.

अजून एक विचारायचं होतं, तिला फिटसाठी व्हालप्रोएट चालू होतं, त्याचाही काही संबंध असतो का?

पाणकणीस

असतो सोनकी. व्हालप्रोएट स्वतःच प्लेटलेट कमी करू शकतं, आणि त्यातही फरक आहे बघा, रक्तातली पातळी बायकांत ११० मायक्रोग्रॅमच्या वर गेली की धोका वाढतो, पुरुषांत १३५ च्या वर. शिवाय ते टेमोझोलोमाइड बाहेर पडण्याचा वेगही किंचित कमी करतं. म्हणून हल्ली बहुतेक ठिकाणी लेवेटिरासेटाम या फिटच्या दुसऱ्या औषधाला पसंती देतात. पण कुणाचं व्हालप्रोएट चालू असेल आणि फिट त्यावर आटोक्यात असतील तर हा धागा वाचून बंद करू नका! एक मोठी फिट कमी प्लेटलेटपेक्षा भारी पडेल. पुढच्या ओपीडीत विचारा. न्यूमोनिया टाळायला रेडिएशनच्या काळात सेप्ट्रान ही अँटिबायोटिक गोळी देतात, तेही काउंट थोडे खाली आणू शकतं, म्हणजे तळाला गेलेल्या काउंटमागे कधी कधी तीन-तीन औषधं मिळून असतात.

मळमळीचं तुमच्या नर्सताईंनी अगदी योग्य विचारलं. बाई असणं, वय कमी असणं, गाडी लागणं, गरोदरपणात उलट्या झालेल्या असणं, दारूची सवय नसणं, हे सगळे केमोत जास्त उलट्या होण्याचे माहीत असलेले घटक आहेत. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना यातले दोन-तीन तरी लागू होतात. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, झोपताना, आणि त्याच्या तासभर आधी ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीची गोळी, ही नेहमीची पद्धत. ज्यांना तरीही होतं त्यांना कमी डोसची ओलान्झापिन रात्री देऊन बरंच भागतं. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत दाखवलंय की जास्त उलट्या करणाऱ्या केमोत २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन १० मिलिग्रॅमइतकीच चालते आणि दिवसाची गुंगी कमी होते. ती चाचणी ब्रेन ट्यूमरवर नव्हती, पण डोस ठरवताना आम्हाला उपयोगी पडते.

निशाचर_८

मी पुरुष आहे आणि पेशंटही आहे, ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा (हाही मेंदूचाच ट्यूमर), निदान झालं तेव्हा तिशीही गाठली नव्हती. बायकांचा त्रास जास्त हे मान्य, धागा महत्त्वाचा आहे, पण पुरुषांच्या बाजूचं एक लिहायलाच हवं. मूल होण्याबद्दल मला केमोआधी कुणी विचारलं नाही. पीसीव्ही (तीन औषधांची केमो) ठरली होती, त्यातलं प्रोकार्बाझिन शुक्राणूंना फार वाईट, ते बऱ्याचदा परतही येत नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीने कुठेतरी वाचलं आणि हट्टाने मला स्पर्म बँकेत नेलं, मी लाजत होतो, आई बाहेर बसली होती, काय बोलायचं तेच कळेना. आज ते सँपल गोठवलेलं आहे म्हणून आम्ही दोघं पुढचा विचार करू शकतो. एका सकाळचं काम असतं पुरुषाचं. टेमोझोलोमाइडवाल्यांनीसुद्धा करून ठेवावं.

मुलींचं यापेक्षा अवघड आहे. माझ्याच वयाची एक जण ओपीडीत भेटायची, अंडी गोठवायला दहा-बारा दिवस इंजेक्शनं लागतात, तेवढं थांबता येईल का यावर घरात रडारड, आणि सासरच्यांना कळू द्यायचं नव्हतं. तिला निर्णय घ्यायला वेळच मिळाला नाही.

पाणकणीस

निशाचर, लिहिलंत ते फार बरं केलंत. एक जोडते, टेमोझोलोमाइड संपल्यावरही पुरुषांनी किमान ३ महिने आणि बायकांनी किमान ६ महिने गर्भधारणा टाळायची असते. हेही दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं, आणि तुम्ही म्हणता तसं बरेचदा कुणालाच सांगितलं जात नाही. तरुण पेशंट असेल तर पहिल्याच भेटीला हा विषय काढा, डॉक्टरांनी नाही काढला तर तुम्ही काढा.

रानजाई

काल दाखवून आलो. दुसऱ्या सायकलला डोस कमी करून १०० वर आणलाय, काउंट एक लाखाच्या वर आल्यावरच दिला. गायनॅकची चिठ्ठीही दिली, मी स्वतः विषय काढला, दिरांना म्हटलं तुम्ही जरा पाणी घेऊन या. पण आता घरात सगळ्यांना वेगळीच भीती, औषध कमी झालं म्हणजे गुणही कमी येणार का?

पाणकणीस

रानजाई, पायऱ्या ठरलेल्याच आहेत, २००, १५०, १००. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या तर पुढच्या वेळी एक पायरी खाली, हा नियमच आहे, तुमच्या डॉक्टरांनी मनाने काही केलेलं नाही. ठरलेल्या वेळी घेतलेल्या १०० च्या सायकली या, काउंट वर यायची वाट बघत महिनोन् महिने रखडलेल्या मोठ्या डोसच्या सायकलीपेक्षा चांगल्या.

आणि घरच्यांना हेही सांगा. ग्लायोब्लास्टोमात बायकांचा त्रास जास्त असला तरी ट्रीटमेंटला प्रतिसाद सरासरीने पुरुषांपेक्षा चांगला मिळतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या जॉश रुबिन यांच्या गटाने २०१९ मध्ये एमआरआय मोजून दाखवलं की त्याच रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडवर बायकांच्या गाठीची वाढ जास्त मंदावते. ट्यूमरच्या पेशींतही बाई-पुरुष फरक त्यांना सापडले. एका माणसाला हे किती लागू पडेल ते सांगता येत नाही, पण काउंट पडले म्हणजे सगळं हातचं गेलं असं अजिबात नाही.

तुंगभद्रा

+१. आणि रानजाई, दिरांना पाणी आणायला पाठवलंत ते उत्तम केलंत. इथे आमच्याकडे फॉर्मवरच प्रश्न असतात, पेशंट एकटा बसून भरतो, कुणासमोर बोलावं लागत नाही. मराठीत असा एक पानी फॉर्म आपणच बनवला तर? पाळी, मळमळ, शौच, ताप, ठिपके, झोप, फिट, एवढे प्रश्न पुरे. पाणकणीस तपासून देतील का?

पाणकणीस

देते, नक्की. विपूत (माझ्या विचारपुशीत) पाठवा. अक्षर मोठं ठेवा, ब्रेन ट्यूमरच्या पेशंटना बारीक वाचता येत नाही, आणि एका बाजूला वाचलंच जात नाही असंही होतं, म्हणून प्रश्न एकाखाली एक, मधोमध.

औषधीपेटी

फार्मसीत काम करतो, उशिरा आलो पण दोन गोष्टी राहिल्यात. टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल २०, १००, २५० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात आणि एका दिवसाचा डोस दोन-तीन प्रकार मिळून होतो. डोस कमी झाला की घरात जुन्या सायकलच्या उरलेल्या कॅप्सूल असतात, त्या नवीन पाकिटात मिसळतात, आणि चुकून जुनाच डोस जातो, असं होताना मी बघितलंय. रानजाई, तुमचा डोस आत्ताच बदललाय तर जुनं सगळं आधी वेगळं करा आणि पाच दिवसांच्या पाच पुड्या करताना कॅप्सूल पाकिटातून काढू नका, पाकिटासकट कापून ठेवा.

दुसरं म्हणजे कॅप्सूल फोडायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही, चावायची नाही. फुटली तर पावडर हाताला, नाकाला लागू द्यायची नाही, हातमोजे घालून उचलायची. गोळ्या द्यायचं काम आपल्याकडे घरातल्या सुनांकडे, मुलींकडे येतं. त्यात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तिने याला हात लावायचा नाही, ते काम घरातल्या पुरुषाने करावं. पेशंटची उलटी, लघवी झालेले कपडे धुतानाही निदान त्या पाच दिवसांत आणि नंतर दोन दिवस हातमोजे वापरा.

रानजाई

अरे बापरे, जुन्या कॅप्सूल खरंच आहेत डब्यात. आजच वेगळ्या करते आणि पुतण्याला शिकवते, आता त्यानेच द्यायच्या. २२ व्या दिवसाचा सीबीसी गावातल्या लॅबमध्ये करून रिपोर्ट फोनवर पाठवायची परवानगी घेतलीये डॉक्टरांकडून. आणखी एक, यावेळी परत प्लेटलेट लागल्या तर एसडीपी मागायची की साध्या पिशव्या?

पाणकणीस

ते त्या दिवशीच्या काउंटवर आणि ब्लड बँकेत काय आहे त्यावर ठरेल. एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट, एक पिशवी साधारण सहा साध्या पिशव्यांइतकी होते, आणि अनेक दात्यांचा संपर्क टळतो, म्हणून शक्य असेल तर ती बरी. पण दाता शोधायला आणि त्याची तपासणी व्हायला वेळ जातो. तेव्हा रक्तगट जुळणारे दोन-तीन धडधाकट नातेवाईक आत्ताच सांगून ठेवा, तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी फोन चालू ठेवावा आणि ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. रक्त पडत नसेल आणि ताप नसेल तर बऱ्याचदा १० हजारांपर्यंत चढवावी लागत नाही, पण पाळी चालू असेल तर ही मर्यादा धरून बसायचं नाही, तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा.